पोस्टमनचा पहिला अल्बम

गेला आठवडाभर रोज रात्री जॉन प्राइन या अमेरिकन गायक-गीतकाराचा पहिला अल्बम ऐकतेय, एकदा लावला की तेराही गाणी संपेपर्यंत बंद करवत नाही. परवा एका मित्राने विचारलं, काय आहे एवढं त्यात, तीन-चार कॉर्ड आणि अगदी साधे शब्द. तेव्हा धड सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

हा शिकागोजवळच्या मेवुडचा मुलगा, आईवडील मूळचे केंटकीचे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात आर्मीत घेतलं पण पाठवलं पश्चिम जर्मनीत, तिथे गाड्या दुरुस्त करायचा. परत आल्यावर पोस्टमन. टपाल वाटत चालता चालता डोक्यात गाणी रचायची आणि रात्री एका छोट्या क्लबात गायची. १९७० मध्ये रॉजर एबर्ट (हो, तोच सिनेमाचा समीक्षक) तिथे जाऊन बसला आणि त्याने पेपरात लिहिलं, पुढे गायक क्रिस क्रिस्टोफरसनने ऐकलं, आणि १९७१ मध्ये अटलांटिक या कंपनीने रेकॉर्ड काढली. पोरगा जेमतेम पंचविशीचा!

आणि या वयात त्याने 'हेलो इन देअर' लिहिलंय. म्हातारं जोडपं, मुलं लांब गेलेली, एक कोरियाच्या युद्धात मारला गेलेला. बायको मागच्या दाराच्या जाळीतून बाहेर बघत बसते. पण मला सगळ्यात जास्त लागतो तो रूडी. म्हाताऱ्याला वाटतं, फॅक्टरीतल्या रूडीला फोन करावा, आणि लगेच मनात येतं की त्याने विचारलं, काय नवीन, तर सांगायचं काय? बस. फोन केला की नाही हे गाण्यात येतच नाही. लहानपणी प्राइन वृद्धाश्रमात पेपर टाकायचा, तिथली म्हातारी माणसं त्याच्या डोक्यात राहिलेली. एकटेपणावर दहा ओळी लिहिता आल्या असत्या त्याला, त्याने तो एक फोन लिहिला.

साधे शब्द म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचंय, की शब्द साधे आहेत पण काय गाळायचं हे त्याला जे कळलंय ते अजिबात साधं नाही. 'सॅम स्टोन' घ्या. युद्धावरून परतलेला सैनिक, गुडघ्यात धातूचे तुकडे, दुखणं थांबवायला मॉर्फिन, मग व्यसन. पूर्ण गाण्यात व्हिएतनामचं नाव एकदाही नाही. आणि कडवी सांगणारा बाहेरचा कोणीतरी आहे पण ध्रुवपद आलं की आवाज एकदम घरातल्या लेकराचा होतो, बाबाच्या हाताला भोक आहे आणि सगळे पैसे त्यातून जातात, असं ते लेकरू सांगतं. त्याला व्यसन हा शब्द माहीत नाही, त्याला भोक दिसतं आणि पैसे संपलेले दिसतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुढचं गाणं लावायची हिंमत झाली नव्हती.

'एंजल फ्रॉम माँटगोमेरी'मध्ये तर पहिल्याच ओळीत तो सांगतो की मी एक म्हातारी बाई आहे. आणि आपण मान्य करतो! संसाराला कंटाळलेली बाई, स्वयंपाकघरात माशांची भुणभुण, आणि नवरा सकाळी कामाला जातो नि संध्याकाळी घरी येतो तरी दोघांत बोलायला काही नाही. पुढे गायिका बॉनी रेटने हे गायलं आणि बऱ्याच जणांना ते तिचंच वाटतं, तिने सुंदरच गायलंय, पण मला प्राइनचा तो जरा अवघडलेला आवाज हवा असतो. मेंफिसच्या स्टुडिओतले वादक एल्विसबरोबर वाजवलेले, पट्टीचे, आणि हा मध्ये थोडा घाबरल्यासारखा गातोय, काहींना तो दोष वाटतो. मला वाटतं त्यामुळेच ही माणसं खरी वाटतात.

'पॅराडाइज' त्याने वडिलांसाठी लिहिलं. केंटकीतल्या ग्रीन नदीकाठचं खरोखरचं गाव, कोळशाच्या खाणींनी तो सगळा भाग उकरून काढला. गाण्यात दोष कोळसा कंपनीवर जातो, प्रत्यक्षात शेजारच्या वीजकेंद्राच्या राखेचाही मोठा हात होता. गाण्यात मुलगा वडिलांना म्हणतो मला तिकडे घेऊन चला, आणि वडील म्हणतात उशीर झाला बाळा, ते गाव कोळशाच्या गाडीतून गेलं.

प्राइनने सांगितलेली एक आठवण आहे. रेकॉर्डिंगची टेप ऐकवायला त्याने मशीन उसनं आणलं, आणि हे गाणं सुरू झाल्यावर वडील उठून शेजारच्या खोलीत अंधारात जाऊन बसले. का म्हणून विचारलं तर म्हणाले, ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकून गाणं लावायचं मशीन) लागलंय असं समजून ऐकायचं होतं. त्याच वर्षी ते गेले.