सूचना लावली, पण पोचली का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सूचना फलकावर लावली किंवा संकेतस्थळावर चढवली की संस्थेची जबाबदारी संपत नाही, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की ही खाजगी कंपन्यांची चैन आहे. सरकारी कचेऱ्यांत कित्येक जागा रिकाम्या आहेत, मसुदे घासत बसायला वेळ कुणाला? लोक तसंही वाचत नाहीत. आणि महापालिका, विद्यापीठ आणि चर्च यांना मी एकाच तागडीत तोललं, हे तुम्हाला पटलेलं नाही.

आधी चैनीचं बघू. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ सालचा आहे. आपण त्याच्याकडे अर्ज टाकून माहिती मागण्याचा कायदा म्हणून बघतो, पण त्याचं कलम ४ कुणीही अर्ज करायच्या आधी संस्थेनं काय करायचं ते सांगतं. निर्णयाचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना त्यामागची कारणं कळवायची. माहिती पोचवताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत लक्षात घ्यायची. सूचना फलक, वर्तमानपत्रं, जाहीर घोषणा, इंटरनेट ही माध्यमंसुद्धा कायद्यातच दिली आहेत. महापालिका आणि विद्यापीठ दोन्ही या कायद्याखाली येतात. त्यामुळे मी मागतोय ते कंपन्यांकडून उसनं आणलेलं नाही, ते या संस्थांचं नेमून दिलेलं काम आहे.

‘स्थानिक भाषा’ हे दोन शब्द सोलापुरात फार मोठे आहेत. पूर्वभागात घराघरांत तेलुगू चालते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, नई जिंदगीकडे उर्दू आणि दख्खनी. मराठी बहुतेकांना कळते, पण कचेरीतली मराठी कुणाला कळते? ‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा विस्कळीत होण्याची शक्यता असून नागरिकांनी सहकार्य करावे’, असा मजकूर येतो. यातून विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बाईनं काय समजायचं? पाणी आज येणार की परवा? तिनं विड्या घेऊन कारखान्यात जायचं की हंडे मांडून घरी थांबायचं? थांबली आणि पाणी आलं नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. गेली आणि पाणी आलं तर पुढची पाळी येईपर्यंत घर कोरडं. उजनीहून शंभरावर किलोमीटर पाइपलाइननं पाणी येतं. वाटेत कुठे गळती होणार, पंपाची वीज जाणार, हे सोलापूरकरांना माहीत आहे आणि त्याबद्दल ते समजूतदारही आहेत. त्यांना एवढंच हवं असतं: कोणता भाग, कधीपासून, काय झालं, पुढची पाळी कधी, फोन कुणाला करायचा. हे लिहायला त्या जडजंबाल वाक्याहून जास्त कागद लागत नाही.

म्हणूनच ‘लोक वाचत नाहीत’ हे मला मान्य नाही. हीच माणसं रेशनला धान्य आल्याची बातमी तासाभरात गल्लीभर करतात. ज्या सूचनेतून कामाचं काहीच हाती लागत नाही, ती वाचायचं त्यांनी सोडलं आहे. आणि वाचता न येणाऱ्यांचं काय? घंटागाडी रोज दारात येते, तिच्यावर भोंगा असतो. त्यावरून त्या भागाच्या पाण्याची वेळ मराठीत आणि तेलुगूत सांगायला कितीसा खर्च येईल? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा उपाय तुम्ही सुचवलात. तो चांगलाच आहे, पण घरातला फोन मुलाच्या खिशात असतो आणि मुलगा कामावर.

आता रिकाम्या जागा. तुम्ही स्वतः परीक्षा विभागात नोकरी केलीत, तेव्हा हा भार तुम्ही सोसला आहे. मला उलट वाटतं की माणसं कमी असतील तर सूचना जास्तच नेमकी हवी. ‘निकाल राखून ठेवला आहे’ एवढंच मुलाला दिसतं. कारण पात्रतेच्या कागदांचं असेल, कॉलेजकडून अंतर्गत गुण आले नसतील किंवा बैठक क्रमांक चुकला असेल. पहिल्या दोन गोष्टींसाठी आधी कॉलेजचं ऑफिस गाठायचं, हे कुणीच सांगत नाही. मग करमाळ्याचा मुलगा एसटीनं केगावला विद्यापीठात येतो, अख्खा दिवस घालवतो आणि खिडकीवर ऐकतो, ‘कॉलेजला विचारा.’ असे शंभर जण आले की त्या खिडकीवरच्या एकट्या माणसाचा दिवस त्यातच जातो. निकालाशेजारी कारण आणि कुठे जायचं एवढी एक ओळ असती तर दोघांचेही हाल वाचले असते. २००४ साली शिवाजी विद्यापीठापासून वेगळं होऊन सोलापूर जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, कोल्हापूरची वारी चुकली. ती सोय शेवटच्या तालुक्यापर्यंत जायची तर या एका ओळीची गरज आहे.

कारणं सांगितली की वाद वाढतात, हेही तुम्ही लिहिलंय. वाढतात, खरं आहे. पण कारण झाकलं तरी वाद होतोच, आणि तो अफवांवर होतो. असा वाद मिटवणं कितीतरी कठीण.

चर्चबद्दल तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. माहितीच्या अधिकाराचं बंधन चर्चवर सहसा नसतं आणि तिथला कारभार बराचसा बिनपगारी माणसं श्रद्धेनं चालवतात. तोंडी संवादात तर चर्च महापालिका आणि विद्यापीठ या दोघांच्या पुढे आहे. दर रविवारी उपासनेत सूचना वाचल्या जातात आणि ज्याला समजलं नाही तो बाहेर पडताना पाळकांना विचारतो. अमेरिकन मराठी मिशननं १८४२ सालीच अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक सुरू केलं. लोकांशी त्यांच्या भाषेत बोलण्याची शिस्त या परंपरेत जुनी आहे. पण पैसा, मालमत्ता आणि पाळकांची बदली हे विषय निघाले की पुष्कळ ठिकाणी आवाज खाली जातो. हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो, मंडळीपुढे मात्र घाईघाईत एक आकडा वाचला जातो. दान देणाऱ्या माणसाला कारण विचारायची चोरी वाटावी, हे मला फार लागतं. तिथे कायद्याचा आधार नाही, म्हणून तर विश्वस्तांनी आपणहून बोलायला हवं.

‘हे सगळं करणार कोण?’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: ज्याच्या सहीनं सूचना निघते त्यानं. बाहेर पडण्याआधी ती विभागाबाहेरच्या एखाद्या माणसाला, शिपाई असो वा रांगेतला विद्यार्थी, वाचून दाखवायची आणि विचारायचं, ‘तुम्ही आता काय कराल?’ उत्तर चुकलं तर मसुदा बदलायचा. तुमच्या हाताखालून इतकी परिपत्रकं गेली आहेत. राखून ठेवलेल्या निकालाची ती एक ओळ तुम्ही कशी लिहाल? लिहून पाठवा. इथे परीक्षा विभागातले काही जण वाचतात, त्यांच्याकडून ती तपासून घेऊ.