‘भूल उतरली नाही’ म्हणून थांबू नका

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. त्याचा सारांश असा: पूर्ण भूल अंगातून उतरायला सहा महिने लागतात. प्रत्येक भुलीत मेंदूच्या पेशी मरतात, म्हातारी माणसं ऑपरेशननंतर बरळतात ती त्यामुळेच. म्हणून डॉक्टरांकडे कमरेखालचा भाग बधिर करणारं पाठीतलंच इंजेक्शन मागा. आणि पेशंट शुद्धीवर आला की त्याला झोपू देऊ नका, नाहीतर भूल पुन्हा चढते.

सहा महिन्यांचं आधी बघू. शिरेतून देतात ते दुधासारखं पांढरं औषध म्हणजे प्रोपोफॉल. त्याच्या एकाच डोसावर ठेवलं तर माणूस पाच-दहा मिनिटांत डोळे उघडतो, कारण औषध मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरतं. पुढे यकृत त्याचा निकाल लावतं. ऑपरेशन चालू असताना झोप टिकवायला बहुधा सेव्होफ्लुरेनसारखा वायू देतात. तो आला तसा श्वासावाटे बाहेर जातो. शरीरात त्याचं विघटन होतं जेमतेम २ ते ५ टक्के. जुन्या हॅलोथेनचं हेच प्रमाण २० टक्क्यांच्या घरात होतं. त्या काळात ऑपरेशन झालेल्या काका-मामांच्या भूल लवकर न उतरल्याच्या आठवणी खोट्या नाहीत, पण त्या आजच्या औषधांच्या नाहीत.

थोडा अंश दिवसभर रेंगाळतो हे खरं. म्हणून २४ तास गाडी चालवू नका, दारू घेऊ नका आणि खरेदीखतावर सही करू नका असं सांगतात. (शेवटची सूचना हसण्यावारी नेऊ नये, जमिनीची कागदपत्रं घेऊन वॉर्डात येणारे पुतणे असतात.) त्यानंतर आठवडे टिकणारा थकवा येतो तो ऑपरेशनमुळे, रक्त गेल्यामुळे, दुखण्यामुळे, मोडलेल्या झोपेमुळे आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांमुळे.

मेंदूच्या पेशींचा मुद्दा मात्र हवेतून आलेला नाही. प्राण्यांच्या पिल्लांना बराच वेळ भूल दिल्यावर मेंदूत बदल दिसले होते. त्यावरून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त वेळ किंवा वारंवार भूल देण्याबाबत इशाराही दिला. पण हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तासाभराहून कमी भूल मिळालेली तान्ही मुलं आणि पूर्ण भूल न देता फक्त कमरेखालचा भाग बधिर केलेली मुलं पाच वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा त्यांच्या बुद्धीत फरक सापडला नाही. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

वयस्कर लोकांचं काय? १९९८ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात साठीपुढच्या १,२१८ पेशंटची स्मरणशक्ती आणि एकाग्रता तपासली. आठवड्यानंतर सुमारे २६ टक्के लोकांत घसरण दिसली, तीन महिन्यांनी सुमारे १० टक्क्यांत. ऑपरेशन न झालेल्यांत हा आकडा ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे विसराळूपणाची तक्रार खरी आहे. दोषी भूलच का, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला अमेरिका-कॅनडात खुब्याचं हाड मोडलेल्या १,६०० पेशंटची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली: काहींना पाठीतलं इंजेक्शन, काहींना पूर्ण भूल. नंतर भ्रम (बरळणं, गोंधळणं) झाला पहिल्या गटात २०.५ टक्क्यांना, दुसऱ्यात १९.७. चीनमधल्या अशाच चाचणीतही फरक निघाला नाही. भूल बदलली, भ्रम तेवढाच राहिला.

या मेसेजचा खरा धोका इथेच आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी सलाईन उपसायला लागतात, गेलेल्या आजोबांना हाका मारतात. घरचे एकमेकांना समजावतात, भूल उतरली नाही अजून, उतरेल. त्या वाट पाहण्यात लघवी तुंबलेली असते, छातीत जंतुसंसर्ग झालेला असतो, सोडियम घसरलेलं असतं, नाहीतर रोजची झोपेची गोळी बंद झालेली असते. आजोबांच्या बाबतीत रोजची दारू बंद झालेलीही असते. ती घरचे कबूल करत नाहीत आणि डॉक्टरांना कळायला दोन दिवस जातात. यातल्या प्रत्येक कारणावर उपाय आहे. त्याहून फसवा प्रकार म्हणजे गप्प पडून राहणारा पेशंट. ‘शांत झोपल्यात’ म्हणून सगळे खूश असतात. अशा वेळी सिस्टरना एवढंच सांगा: आई नेहमीसारखी नाही. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी दवाखान्यात न्या, दिवसा पडदे उघडे ठेवा, रात्री मोबाईल बंद, शेजारी ओळखीचा माणूस. हात बांधले तर त्या आणखी बिथरतात.

झोपू न देण्याच्या सल्ल्यामागे थोडं तथ्य आहे. उरलेल्या औषधांमुळे श्वास मंदावू शकतो, जीभ मागे पडू शकते. रिकव्हरी रूम त्यासाठीच असते. तिथे श्वास, रक्तदाब, शुद्ध, हालचाल आणि ऑक्सिजन यांना गुण देऊन मग वॉर्डात सोडतात. ही गुणांची पद्धत १९७० पासूनची आहे. वॉर्डात आल्यावर गालावर थापट्या मारण्याचं काम काकूंनी करायची गरज नाही. झोपू द्या. पेशंट घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, हे मात्र ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवा.

पाठीतलं इंजेक्शन सिझेरियनला, गुडघ्याला उत्तमच. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पोटात वायू भरावा लागतो, तिथे सहसा पूर्ण भूलच लागते. इथे हट्ट कामाचा नाही.

शुद्धीवर आल्यावर लोकांना प्रत्यक्षात छळते ती मळमळ, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखच नाही. ती बायकांना जास्त होते, आधी ऑपरेशननंतर उलट्या झालेल्यांना होते, घाटात गाडी लागणाऱ्यांना होते. सिगारेट ओढणाऱ्यांना कमी होते, पण त्या कारणाने कुणी सुरू करू नये. भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा गाडी लागते हे न लाजता सांगा. उलटीचं औषध ते थिएटरमध्येच देऊन ठेवतील.