"नाचायचा" लिहिलं म्हणून फुली

आज ताईकडे गेले होते. भाचा पाचवीत. सहज वही चाळली तर परिसर अभ्यासात प्रश्न, आदिमानव काय करत असे? पठ्ठ्यानं लिहिलंय, शिकार करायचा, मध काढायचा आणि नाचायचा. "नाचायचा"वर ही मोठी लाल फुली, शेजारी "पुस्तकातले उत्तर लिही". डोकंच सटकलं माझं.

कारण ते उत्तर आमच्या आईचं आहे. दोन वर्षांपूर्वी तिला घेऊन भीमबेटकाला गेले होते, आदिमानवानं खडकांवर काढलेली चित्रं आहेत ना, तिथे, भोपाळपासून पंचेचाळीसेक किलोमीटर. गुडघे धरत धरत चढली बिचारी. गाईड घाईत, ये देखो हाथी, ये देखो हिरन, चलो आगे. आणि आई एका खडकासमोर थांबली ती हलेचना. गेरूसारख्या लाल रंगात हातात हात घालून माणसांची रांग, नाचतायत. तिनं बोट धरून मोजली सगळी आणि म्हणाली, "हा शेवटचा बघ गं, पाय चुकलाय याचा." मी बघितलं तर खरंच! बाकीच्यांचा एकीकडे, याचा भलतीकडे. घरी आल्यावर हीच गोष्ट तिनं नातवाला शंभरदा सांगितली असेल.

शिकारीची चित्रं आहेतच, ढीगभर आहेत, मान्य. पण तिथे झाडावरचं मोहोळ काढणारी माणसं आहेत, बिळातून उंदीर उकरणाऱ्या बायका आहेत, ढोल आहे, मुखवटे आहेत, आणि त्यावरच नंतर कुणीतरी घोडेस्वार आणि तलवारी काढल्यात, खालचं न पुसता. हजारो वर्षांचा संसार आहे तो आणि आपण पोरांना काय शिकवतो, भाला घेतलेला एक दाढीवाला बुवा. बायका बहुतेक गुहेत बसून त्याची वाट बघत असाव्यात!

आणि पुस्तकातलं उत्तर म्हणजे काय हो? 1957 साली आपले पुरातत्त्वज्ञ हरिभाऊ वाकणकर रेल्वेतून जाताना ते खडक बघून उतरले आणि आत शिरले म्हणून जगाला कळलं. ते कुठलं पुस्तक बघून उतरले होते? 2021 मध्ये तर शास्त्रज्ञांनी तिथल्या छतावर पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचं जीवाश्म सापडलं म्हणून जाहीर केलं, नंतर दुसऱ्यांनी जाऊन बघितलं तर ते मधमाश्यांच्या पोळ्याचा डाग निघाला 😄 म्हणजे ज्या खडकांवर मध काढणाऱ्यांची चित्रं, तिथे माश्या अजून मुक्कामाला आहेत. आणि त्या शास्त्रज्ञांनी चूक कबूल केली बरं का, एवढ्या मोठ्या लोकांनी, मग एक फुली खोडायला काय जातं?

जाऊ दे. बाईंनाही पन्नास वह्या तपासायच्या असतात, वर शंभर सरकारी कामं, मला कळतं. आणि तो नाच म्हणजे पूजाबिजा, विधी असेल असंही म्हणतात, असेल बाबा. पण विधीतही पाय चुकतोच ना एखाद्याचा? आमच्या गणपतीच्या आरतीत माझ्या काकांची टाळी दरवर्षी चुकते.

मगाशी आईला फोन करून सांगितलं. वाटलं चिडेल. आधी हसली खूप, मग म्हणाली, तो फोटो पाठव गं परत, माझ्या मोबाईलमधून गेलाय. पाठवला. पाच मिनिटांनी तिचा मेसेज, "शेवटचा नाही, शेवटून दुसरा आहे पाय चुकलेला."