नळ आहे

घरी पाण्याला दाब नाही म्हणून परवा तक्रार करायला गेलो, तर खिडकीतल्या माणसानं रजिस्टर चाळून सांगितलं, ‘‘तुमच्या घरी नळच नाही.’’ मी पाणीपट्टीची पावती पुढं केली. ‘‘पावती आहे,’’ तो म्हणाला, ‘‘नळ नाही. नळ असल्याचा अर्ज द्या.’’

तिथंच कट्ट्यावर बसून लिहिला. ‘माझ्या घरी नळ आहे. कृपया नोंद घ्यावी.’ खाली सही.

बाहेर लिंबाखाली लॅपटॉप-प्रिंटर मांडून बसलेला अर्जवाला मान लांब करून वाचत होता. तोंडातला मावा एका गालातून दुसऱ्या गालात सारून म्हणाला, ‘‘मालक, काय करलालाव हे? ‘आहे’ लिहिलं तर कोण धरतंय?’’

‘‘का? नळ आहे, म्हणून आहे लिहिलं.’’

‘‘आहे तर सगळंच आहे हो. मी आहे, हे झाड आहे, ते कुत्रं आहे. साहेबाच्या टेबलावर ‘आहे’ टिकत नाही. तिथं एक्झिस्टन्स लागतो.’’ त्यानं पडद्यावर एक फाइल उघडली. तिचं नावच ‘एक्झिस्टन्स’. विहीर, बोअर, गोठा, संडास, पेन्शनवालं म्हातारं, सगळ्यांसाठी मजकूर एकच. ‘‘फकस्त वस्तू बदलायची. बगा, कसं वजन आहे,’’ म्हणत त्यानं डोळे मिटले आणि आरती म्हणावी तसं म्हटलं, ‘‘धिस इज टू सर्टिफाय दॅट द सेड टॅप इज व्हेरी मच इन एक्झिस्टन्स अ‍ॅट द अबव्ह मेन्शन्ड प्रिमायसेस.’’

‘‘व्हेरी मच कशाला?’’

‘‘नुसता एक्झिस्टन्स दिला तर शंका काढतात.’’

आता माझी जात गणिताच्या मास्तरची. एकतीस वर्षं बारावीच्या पोरांना फळ्यावर उलटा ई काढून शिकवलं, की याचा अर्थ ‘असा निदान एक तरी आहे’. इटलीच्या पेआनोनं 1897 च्या सुमारास हे चिन्ह वापरात आणलं. एका अक्षरात अख्खं अस्तित्व! त्याला ‘व्हेरी मच’ जोडावंसं कुणाला वाटलं नाही. आणि आमच्या सोलापुरात तर ‘आहे’ म्हणायला तीन भाषा हाताशी. मराठीत आहे, कन्नडात इदे, तेलुगूत उंदि. मंगळवार पेठेत शेंगाचटणी मागितली तर तिन्हींतलं एक उत्तर मिळतं आणि पुडी हातात पडते. चटणी व्हेरी मच इन एक्झिस्टन्स असल्याचं आजवर कुणी ऐकवलेलं नाही.

हे त्याला सांगितलं. राजभाषा अधिनियम 1964 सालचा आहे, सरकारी कामकाज मराठीत चालतं, हेही सांगितलं. शेवटी चिडून म्हणालो, ‘‘अहो, 1930 च्या मे महिन्यात या गावानं तीन-चार दिवस इंग्रजांचा अंमल उठवून लावला होता. त्यापायी मार्शल लॉ लागला, चौघं फासावर गेले. चार पुतळ्यांपुढून रोज जाता ना तुम्ही?’’

‘‘जातो की. तिथंच तर बस धरतो,’’ तो म्हणाला आणि प्रिंट काढली. ‘‘शंभर रुपये. मराठीत पाहिजे तर पन्नास. पण मग चार हेलपाटे धरा.’’

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ‘‘नीळ्ळु वच्चिनया?’’ तो अधीर होऊन ओरडला. पाणी आलं का? पलीकडून काहीतरी आलं आणि त्याचा चेहरा पडला. आमच्याकडं आज पाचवा दिवस होता, त्याच्याकडं सहावा. उजनी धरण शंभरावर किलोमीटर लांब, तिथून पाइपातून पाणी येतं ते येतं, पण गावात शिरल्यावर कुठं जिरतं कोण जाणे. आम्ही दोघं मिनिटभर नुसते बसलो. पैसे मात्र त्यानं शंभरच घेतले.

खिडकीतल्या माणसानं कागद दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाला, ‘‘एवढं वाचत बसायला वेळ नाही. थोडक्यात काय म्हणायचंय?’’

‘‘नळ आहे.’’

त्यानं कोपऱ्यात लाल पेननं मराठीत लिहिलं, ‘नळ आहे म्हणतात.’ आणि आवकचा शिक्का मारला. त्या ‘म्हणतात’चा राग अजून गेलेला नाही. आहे म्हणतात! शंभर रुपये मोजून माझा नळ अफवा झाला.

घरी येऊन झेरॉक्स नीट वाचली. दुसऱ्या परिच्छेदात वस्तू बदलली होती, पण पेन्शनवाल्या म्हाताऱ्याचा मजकूर तसाच राहिला होता. द सेड टॅप इज अलाइव्ह अँड इन गुड हेल्थ अ‍ॅज ऑन डेट.

रात्री अडीचला पाणी आलं. नळ आधी बराच वेळ खाकरला, मग नुसती हवा सोडली, मग गढूळ करंगळीएवढी धार. बायको हंडा लावून उभी होती. म्हणाली, ‘‘याची तब्येत काही बरी दिसत नाही हो.’’