व्हिएन्ना १६८३: घोडदळाच्या आधीचे साठ दिवस

व्हिएन्नाच्या लढाईचा विषय निघाला की सगळे एकदम १२ सप्टेंबर १६८३ च्या संध्याकाळवर येतात. ऑटोमन तुर्कांनी वेढलेल्या शहराच्या मदतीला धावलेला पोलंडचा राजा सोबिएस्की, त्याचे पंखवाले हुसार स्वार, उतारावरची दौड. दौड मोठीच होती. पण शहर तोवर टिकलं ते जमिनीखालच्या लढाईमुळे, आणि तिचं श्रेय कुणी देत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वेढा घालणाऱ्या ऑटोमन वजीर कारा मुस्तफाकडे तट फोडतील अशा जड तोफा पुरेशा नव्हत्या. सगळी भिस्त सुरुंगांवर. खंदकाखालून लाकडी आधार देत बोगदा न्यायचा, बुरुजाच्या पायाखाली कोठी खणायची, दारूची पिंपं रचायची आणि मागचा बोगदा मातीने घट्ट बुजवायचा. बुजवणी कच्ची राहिली की स्फोटाचा जोर बोगद्यातूनच उलटा येतो. दारू कमी पडली तर भिंत नुसती हादरते. ढिगारा खंदकात पसरून चढण झाली तरच हल्ला वर चढणार. चढला तरी खिंडारामागे शहराचा सेनापती श्टारहेम्बेर्ग याची माणसं खुंट आणि मातीची पोती रचून उभीच! शिवाय तीही खालून उलटे बोगदे खणत होती.

बुर्ग आणि लोवेल या बुरुजांच्या मधोमध, तटाच्या पुढे खंदकात एक त्रिकोणी कोट होता. तो एवढासा कोट ३ सप्टेंबरपर्यंत झुंजला. मग ४ तारखेला बुर्ग बुरूज फुटला, ६ ला लोवेल. रक्तीआवेनं शिबंदी खंगलेली. आणखी थोडे दिवस गेले असते तर कुमक येऊन उपयोग नव्हता.

कारा मुस्तफाची घोडचूक मात्र वेगळीच. इ.स.पू. ५२ मध्ये गॉलमधल्या आलेसिया किल्ल्याला वेढा घालताना रोमन सेनानी सीझरने दोन तट उभारले होते, एक किल्ल्याकडे तोंड करून, दुसरा बाहेरून येणाऱ्या कुमकेसाठी. इथे बाहेरच्या बाजूला तसं भक्कम काही नाही. टुल्न गावाजवळ डॅन्यूब नदी ओलांडणाऱ्या कुमकेच्या फौजेला कुणी अडवलं नाही, शहराजवळचा काहलेनबर्गचा डोंगरही मोकळाच सोडला. आणि लढाईच्या दिवशीसुद्धा निवडक जानिसारी (सुलतानाचं खास पायदळ) शहरासमोरच्या मोर्च्यांतच ठेवले. संध्याकाळी छावणी उधळली, कुमकेतले बाडेनच्या लुडविगचे स्वार शॉटन वेशीशी पोहोचले, आतून शिबंदी बाहेर पडली, आणि ते जानिसारी दोन्हीकडून कापले गेले.