मेरिनो आणि बोंबील

मुंबईच्या थंडीबद्दल आमच्या आत्याचं ठाम मत आहे: ती पुन्हा येणार. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. आत्या तेव्हा गिरगावातल्या शाळेत होती आणि त्या दिवशी तिच्या अंगात स्वेटर नव्हता. त्याचा वचपा ती आजतागायत काढते आहे. विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात तिने स्वेटर विणले, ऑफिसात फायलींच्या आडून विणले, लग्नात वरपक्ष रुसून बसला असतानाही विणले. आम्हा सगळ्या भाचरांच्या कपाटात तिचा एकेक स्वेटर डांबराच्या गोळ्यांसह विश्रांती घेत असतो. जानेवारीत एखाद्या सकाळी पंखा फुल्ल करून आम्ही तो घालतो, फोटो काढून तिला पाठवतो आणि घाम पुसत परत घडी घालतो.

अशा बाईला कुणीतरी जाहिरात पाठवली. शनिवार-रविवार निसर्गाच्या सान्निध्यात विणकाम. जागा मनोरी, समुद्राला लागून. मोबाईलपासून सुटका, मनःशांती, आणि राहणं, जेवण, लोकर, सुया सगळं त्यातच. मनःशांतीची आत्याला कधीच निकड भासलेली नाही. ती भाळली 'सगळं त्यातच' वर. त्यात खाली लिहिलेलं, दोघांनी मिळून नाव नोंदवलं तर दुसऱ्याला निम्मे पैसे.

"मन्या, तू निम्म्यात येतोस," तिने फोनवर कळवलं.

"अगं पण मला विणता कुठे येतं?"

"निम्म्यात येतोयस ना? मग निम्मंच शीक."

मालाडहून रिक्षाने मार्वे आणि तिथून बोटीने पलीकडे. या बोटीत माणसं आणि मोटरसायकली एकत्रच चढतात. एका स्कूटरच्या हँडलला कापडी पिशवी अडकवून, सुयांची टोकं आपल्या पोटाकडे नाहीत ना हे बघत मी खाडी ओलांडली. पलीकडे उतरलो आणि निसर्ग आला. म्हणजे वास आला. मनोरीला हे दिवस बोंबील वाळवायचे. बांबूंच्या वलांड्यांवर बोंबलांच्या रांगाच रांगा लटकत होत्या, आणि आमचा बंगला त्यांच्या बरोब्बर खालच्या वाऱ्याला होता.

शिकवणारी मुलगी गोड होती. तिने आम्हाला व्हरांड्यात गोल बसवलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाली, "आता एक दीर्घ श्वास घ्या. निसर्गाला आत येऊ द्या." वांद्र्याहून, अंधेरीहून आलेल्या सगळ्या बायकांनी श्वास रोखून धरले. एकट्या आत्याने सूचना तंतोतंत पाळली. पोटभर श्वास घेऊन ती म्हणाली, "अजून दोन दिवस ऊन लागेल यांना."

मग मुलीने व्हरांड्यात लॅव्हेंडरची उदबत्ती लावली. बोंबलाला लॅव्हेंडर लागलं की काय होतं, ते मी इथे लिहीत नाही. संध्याकाळची वेळ, कुणी जेवत असेल.

सुयांचं वाटप सुरू झालं. आत्याने सवयीने दहा नंबर मागितला. मुलीने तिच्या हातात दहा मिलिमीटरच्या सुया ठेवल्या.

"हे काय गं, लाटणी आणलीस?"

आपल्याकडे जुन्या ब्रिटिश मापात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे ३.२५, बारा म्हणजे २.७५. आत्याच्या पिढीची बोटं त्याच हिशेबात घडलेली. मुलीला ही पद्धत ऐकूनही ठाऊक नव्हती. अर्धा तास दोघी एकमेकींना नंबर सांगत होत्या. शेवटी आत्याने कमरेच्या पिशवीतून स्वतःच्या, टोकाला रंग उडालेल्या ॲल्युमिनियमच्या सुया काढल्या आणि 'सगळं त्यातच' मधून एवढे पैसे वजा करा म्हणाली.

मी एकटाच पुरुष. माझा संकोच जावा म्हणून मुलगी म्हणाली, "काका, युरोपात पूर्वी विणणाऱ्यांचे संघ असायचे ना, त्यात सगळे पुरुषच असायचे."

"म्हणूनच बंद पडले," आत्या म्हणाली.

पहिलं काम नमुन्याचं. दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद चौकोन विणायचा आणि त्यात टाके किती, ओळी किती ते मोजायचं. चार मिलिमीटरची सुई आणि मध्यम जाडीची लोकर असेल तर साधारण २२ टाके आणि २८ ओळी बसायला हव्यात. आत्याने असला नमुना जन्मात विणलेला नाही. ती माणसाच्या छातीवर वीत टाकते आणि सुरू करते. (म्हणूनच आमच्या घरात सगळ्यांच्या बाह्या लांब आहेत, पण ते कुणी बोलत नाही.)

सुलट टाका आणि उलट टाका ही एकाच टाक्याची पुढची आणि मागची बाजू, हे ऐकायला फार सोपं वाटतं. हातात घेतल्यावर माझे टाके तिसऱ्याच बाजूचे यायला लागले. जानेवारी असला तरी ऊन तिशीच्या वर, तळहाताला घाम, बांबूच्या सुईवर लोकर चिकटून बसलेली आणि मांडीवर तिचा गुंडा. लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही, असं मुलीने कौतुकाने सांगितलं. मला लागत होती. मनोरीचं सगळं बाष्प माझ्याच गुंड्यात आलं असणार.

विणणाऱ्या माणसांत बसून गप्पा होतात हा गैरसमज आहे. सगळे मनातल्या मनात मोजत असतात. बंगल्यावरच्या पोऱ्याने एका बाईंना विचारलं, "मॅडम, साखर किती?" त्या म्हणाल्या, "सतरा." त्याबरोबर पलीकडच्या बाईंचे एकवीस होते ते अठरा झाले आणि त्यांनी ओळ उसवली. पोऱ्या बिचारा साखरेचा डबाच ठेवून गेला.

समोर समुद्र होता. होता असं सगळे म्हणत होते. मी तो पाहिला नाही, कारण मान वर केली की टाका सुटतो आणि सुटलेला टाका खालच्या चार ओळी आपल्याबरोबर घेऊन जातो. सूर्य मावळायला आला तेव्हा मुलगी ओरडली, "बघा बघा, काय रंग आलाय!" कुणीही हललं नाही. ओळ अर्धवट टाकून उठायचं नाही, असा नियम तिनेच सकाळी घालून दिला होता. माझी ओळ पुरी होईपर्यंत काळोख पडला आणि डास आले. दोन्ही हातांत सुया असताना डासाचं माणूस काय करणार? मी फुंकर मारत होतो. बारा जणी आणि मी, सगळे मांडीकडे बघत आपापल्या दंडांवर फुंकर मारतोय, हे दृश्य गेटातून आत आलेल्या दूधवाल्याने पाहिलं आणि तो कॅन ठेवून आल्या पावली गेला.

रात्री जेवणानंतर मुलीने ऑस्ट्रेलियाची शुद्ध मेरिनो लोकर दाखवली आणि किंमत सांगितली. आत्या लुधियानाच्या ॲक्रिलिकवर वाढलेली. तिने त्यातला बोटभर धागा मागून घेतला, उदबत्तीशेजारची काडेपेटी उचलली आणि कुणी अडवायच्या आत धागा पेटवला. ॲक्रिलिक असतं तर वितळून कडक मणी झाला असता. हा जरासा जळाला, आपोआप विझला आणि जळक्या केसांचा वास सोडून बोटांत भुगा झाला.

"शुद्ध आहे," आत्या म्हणाली. तिला स्वच्छ वाईट वाटलं होतं.

लॅव्हेंडर, बोंबील आणि जळके केस. अंधेरीच्या दोघी त्या रात्री डोकं दुखतंय म्हणून लवकर झोपल्या.

रविवारी दुपारी निरोपाला प्रत्येकाने आपला चौकोन हातात धरून फोटो काढला. माझ्याला पाच कोपरे होते. जेट्टीकडे जाताना आत्या वलांडीपाशी थांबली. एक कोळीण पाटीतून दोन बोंबील उचलायची, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायची आणि जोडी बांबूवर टाकायची. हात चालू आणि तोंडाने पलीकडच्या बाईशी भांडण चालू. आत्या तिचे हात बराच वेळ बघत उभी राहिली. मग तिने सुक्या बोंबलांचा भाव विचारला आणि तिला तो पटला नाही.

कोळणीचं लक्ष माझ्या चौकोनाकडे गेलं. "हे कशाला गो, आजी?"

"गरम टोप उतरवायला," आत्या क्षणाचाही विचार न करता म्हणाली. "शुद्ध लोकर आहे. वितळत नाही, पेट घेत नाही. मी स्वतः जाळून बघितलीय."

कोळणीने चौकोन उलटासुलटा केला, पाचवा कोपरा ओढून बघितला आणि जुडीमागे वीस रुपये सोडले. बोंबील आमच्या कापडी पिशवीत, उरलेल्या मेरिनोवर आडवे झाले. बोटीत आमच्या दोन्ही बाजूंची बाकं हळूहळू रिकामी होत गेली. आत्याने पिशवीत हात घालून लोकरीचा गुंडा बाहेर काढला, हुंगला, माझ्या डोक्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "यात तुझी कानटोपी आरामात बसेल."