आधी जबाब, मग सुई

ज्यूंचा विषय निघाला की महाराष्ट्रात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आपल्याकडे त्यांना कधीच त्रास झाला नाही." ते बव्हंशी खरं आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. पुण्याचं लाल देऊळ म्हणून ओळखलं जाणारं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग, शाळेतली दिवेकर, पेणकर आडनावाची मुलं, हे सगळं आमच्या पिढीला इतकं सवयीचं होतं की त्यात वेगळं काही आहे असं वाटतच नसे. मँचेस्टरच्या उत्तर भागात, ज्यू वस्तीला लागून राहायला लागल्यापासून मात्र हे वाक्य मला अपुरं वाटतं. त्रास दिला नाही एवढ्यावर माणूस आपला होतो का?

हा प्रश्न मला पडला तो राजकारणाच्या चर्चेत नाही, शिवणकामाच्या गटात. आमच्याकडे हातानं शिवणाऱ्या, विणणाऱ्या बायकांचा एक गट आहे. पुरुषही आहेत दोन-तीन. कोणी रजईचे तुकडे जोडतं, कोणी मोजे विणतं, मी आईच्या लुगड्यांची गोधडी घेऊन बसते. चौकट न लावता, कडेनं धावदोरा सुरू करून आत आत वळत जायचं, हे इथल्या बायकांना नवीन होतं. त्यांनी ते आवडीनं शिकून घेतलं. गटानं प्रदर्शन ठरवलं तेव्हा विषय निघाला, आपापली घराणी या शहरात कशी आली. प्रत्येकीनं त्यावर कापडाचा एक चौकोन करायचा होता.

सत्तरी ओलांडलेल्या एका ज्यू बाईंनी आजोबांच्या रेनकोटच्या कारखान्यावर चौकोन केला. राखाडी सुती कापड, त्यावर तिरप्या शिवणी, आणि वर कारखान्याची पाटी, जुन्या फोटोत होती तशीच, यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, म्हणजे हिब्रू लिपीत. अक्षरं साखळी टाक्यानं भरलेली होती, आणि टाका इतका बारीक की मागची बाजूही पाहत राहावी. काही दिवसांनी गटातल्या एकीचं पत्र आलं. सध्याच्या परिस्थितीत ही अक्षरं पाहून काहींना अस्वस्थ वाटेल, तेव्हा बाईंनी खाली गाझाबद्दल आपली भूमिका सांगणाऱ्या दोन ओळी जोडाव्यात, असं त्यात होतं. सूचना मऊ शब्दांत होती. बाईंनी वाद घातला नाही. चौकोनाची घडी घातली, घरी नेला, आणि त्यानंतर त्या आल्या नाहीत.

तो चौकोन कशाबद्दल होता ते नीट सांगायला हवं, कारण पत्र लिहिणारीला ते ठाऊक नव्हतं असं मला वाटतं. मँचेस्टर हे कापसाचं शहर. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, इथल्या गिरण्यांना आपल्या मुंबईहून कापूस येत होता. कापडाच्या व्यापारासाठी भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवरून आलेल्या ज्यू व्यापाऱ्यांनी १८७४ मध्ये चीटम हिल रोडवर एक देखणं सिनेगॉग बांधलं. आज तिथे मँचेस्टरचं ज्यू संग्रहालय आहे. १८८० नंतर रशियन साम्राज्यातले दंगे आणि दारिद्र्य यांतून सुटून हजारो गरीब ज्यू इथे आले आणि त्याच रस्त्याच्या आसपास टोप्या, कोट आणि रेनकोट शिवू लागले. रेनकोटची शिवण नुसत्या दोऱ्यानं भागत नाही, पाणी आत शिरतं. म्हणून कामगार रबराचं द्रावण बोटानं शिवणीवर फासत आणि मग ती दाबून चिकटवत. द्रावणात नॅफ्था असे. कोंदट खोल्या, बंद खिडक्या, दिवसभर तो वास. बाईंच्या चौकोनावरच्या तिरप्या शिवणी म्हणजे हे काम होतं.

या लोकांना त्या काळी काय ऐकून घ्यावं लागलं? स्वस्तात राबतात, मजुरी पाडतात, घाण करतात. १८९५ मध्ये ब्रिटनच्या कामगार संघटनांच्या महासभेनं बाहेरून येणाऱ्यांवर बंदी घालायचा ठराव केला, तेव्हा ज्यू शिंप्यांच्या आणि इतर कारागिरांच्या संघटनांनी पत्रक काढून त्याला उत्तर दिलं : आम्ही शत्रू नाही, आम्हीही कामगारच आहोत. १९०५ मध्ये परक्यांना रोखणारा कायदा झालाच. तेव्हाचे पंतप्रधान आर्थर बाल्फोर त्या वेळी मँचेस्टरमधूनच खासदार होते. याच बाल्फोर यांच्या सहीनं १९१७ मध्ये पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारं पत्र निघालं. स्वतःच्या देशाचं दार लोटून घेणाऱ्याच माणसानं दुसऱ्यांच्या जमिनीवरच्या घराचं आश्वासन दिलं. इस्रायल-पॅलेस्टाईनवर बोलताना इथे आणि तिथे सगळेच हे विसरतात. त्याच १९१७ च्या जूनमध्ये लीड्समध्ये, जिथे ज्यू शिंप्यांची मोठी वस्ती होती, जमावानं त्यांची घरं-दुकानं फोडली.

म्हणजे या धंद्यात ज्यू माणसाकडे जबाब मागण्याची रीत जुनी आहे. तेव्हा विचारत, तू आमची मजुरी पाडायला आलास का? आज विचारतात, गाझाबद्दल तुझं काय म्हणणं आहे ते आधी सांग. प्रश्न बदलला, पण विचारणारा बसलेला आणि उत्तर देणारा उभा, हे तसंच राहिलं.

इथे मला कोणी सांगेल की गाझात हजारो मुलं मेली, त्यापुढे एका चौकोनाचं काय. गाझातल्या मृत्यूंनी माझीही झोप उडवली आहे. मी मोर्च्यात गेले आहे, पुन्हा जाईन. चौकोनाच्या या प्रकरणाआधी आमच्या गटात पॅलेस्टिनी भरतकामाची, तत्रीझची कार्यशाळा झाली होती. युनेस्कोनं २०२१ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलेली ही कला. लाल दोऱ्याचे फुलीचे टाके, गावागावाचे वेगळे नमुने, आपल्या कशिद्यासारखेच मोजून घातलेले. शिकवायला आलेल्या बाईंना कोणी विचारलं नाही की हमासबद्दल दोन ओळी लिहा, मग सुई धरा. विचारलं असतं तर ते किळसवाणं झालं असतं, आणि मी तिथल्या तिथे उठून बोलले असते. जो मान त्या बाईंना मिळाला, तोच रेनकोटवाल्याच्या नातीला मिळायला हवा होता. त्या चौकोनावर एखाद्या सरकारचा झेंडा किंवा सैन्याचं चिन्ह असतं तर वाद रास्त ठरला असता आणि मी स्वतः त्यात उतरले असते. इथे होती शंभर वर्षांपूर्वीची दुकानाची पाटी. अडचण सरकारची नव्हती, अक्षरांची होती. अक्षरांचीच अडचण होते तेव्हा त्याला ज्यूद्वेष म्हणायला मी कचरत नाही, मग तो कितीही सज्जन माणसाकडून आलेला असो.

असे प्रसंग इथे सुटे नाहीत. ज्यूंच्या सुरक्षेसाठी काम करणारी कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट ही ब्रिटिश संस्था अशा घटनांची नोंद ठेवते. २०२२ मध्ये त्यांच्याकडे साडेसोळाशेच्या वर नोंदी होत्या, २०२३ मध्ये त्या चार हजारांच्या पुढे गेल्या. आणि २ ऑक्टोबर २०२५ ला, ज्यूंच्या सर्वांत पवित्र सणाच्या, योम किप्पूरच्या सकाळी, आमच्या भागापासून जवळच क्रम्पसॉलमधल्या हीटन पार्क सिनेगॉगवर हल्ला झाला. हल्लेखोरानं आधी गाडी घातली, मग चाकू चालवला. दोघांचा जीव गेला. त्या दिवशी आपला दसरा होता. भारतातून काळजीचे फोन आले, त्यांची आठवण मी ठेवली आहे. पण संध्याकाळपर्यंत आमच्या मराठी गटांवर दोन तट पडले होते. एका तटाला ज्यूंशी घेणंदेणं नव्हतं, त्यांना मुसलमानांना शिव्या द्यायला कारण मिळालं होतं. दुसऱ्या तटानं लगेच विचारलं, गाझाचं काय? प्रेतं अजून घरी गेली नव्हती. मेलेले दोघे मँचेस्टरचे रहिवासी होते, सणाच्या प्रार्थनेला आलेले. त्यांच्याबद्दल कोणाला दोन शब्द बोलावेसे वाटले नाहीत.

घरच्या चर्चेतली ही उणीव मला फार जाणवते. महाराष्ट्रात ज्यू हा बहुधा आपल्याच भांडणातला एक पुरावा असतो. इस्रायलचं कौतुक करणाऱ्यांना तो मुसलमानांविरुद्ध हवा असतो, टीका करणाऱ्यांना सरकारविरुद्ध. तिसरा एक प्रकार आहे, कौतुकाचा. ज्यू बायका गरोदरपणी गणितं सोडवतात म्हणून त्यांची मुलं हुशार निपजतात, हा निरोप वर्षानुवर्षं घरोघरी फिरतोय. मलाही तो कितीतरी आप्तांकडून आला, सगळ्यांच्या भावना चांगल्या. पण सगळे ज्यू हुशार, सगळे श्रीमंत, जगाच्या पैशावर त्यांचाच ताबा, ही वाक्यं हसून म्हटली काय किंवा दात ओठ खाऊन म्हटली काय, माणूस त्यातून गायब होतो. रबर फासून फुप्फुसं खराब झालेला कामगार त्यात कुठे बसतो? अलिबागच्या घाण्यावर तेल काढणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणवले गेलेले कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, कुठे बसतात? ससून या ज्यू घराण्याच्या मुंबईतल्या गिरण्यांमध्ये बेने इस्रायलीही घाम गाळत होते. गिरणगावाच्या इतिहासात आपण मालक ससून लक्षात ठेवले आणि कामगार ज्यू विसरलो.

आणि "कधीच नाही" हेही तंतोतंत खरं नाही. गोव्यात पोर्तुगीजांनी १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारं चर्चचं न्यायालय, बसवलं. औषधी वनस्पतींचा मोठा अभ्यासक, मुंबई बेट भाड्यानं घेतलेला वैद्य गार्सिया द ओर्ता हा धर्मांतरित ज्यू घराण्यातला. तो मेल्यावर १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला, कातारीनाला, छुपी ज्यू म्हणून गोव्यात जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडंही उकरून जाळली. राज्य परकीय होतं, हे मान्य. भूमी आपली होती. २००८ मध्ये नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्हका यांना मारणारे पाकिस्तानातून आले होते, हेही मान्य. पण २००७ मध्ये मुंबईतल्या एका विक्रेत्यानं चादरींची नवी मालिका 'नाझी कलेक्शन' म्हणून बाजारात आणली, ते कोणा परकीयाचं काम नव्हतं. मुंबईच्या ज्यूंनी हरकत घेतल्यावर खुलासा आला की ही फक्त इंग्रजी आद्याक्षरं आहेत, 'न्यू अरायव्हल झोन फॉर इंडिया'ची. त्याआधीच्या वर्षी खारघरमध्ये हिटलरच्या नावाचं उपाहारगृह निघालं, २०१२ मध्ये अहमदाबादेत त्याच नावाचं कपड्यांचं दुकान. नावं पुढे बदलली. पण चादर ही अंगाखाली घालायची वस्तू, तिला ते नाव देताना कोणाचाच हात अडखळला नाही, ही गोष्ट मला सुटत नाही. द्वेष नव्हता, हे मी मानते. ज्यू आपल्या नजरेसमोरच नव्हता. मँचेस्टरमध्ये त्याच्याकडे रोखून पाहतात, आपल्याकडे पाहतच नाहीत. आपण ज्याला सहिष्णुता म्हणतो, तिच्यात या न पाहण्याचा वाटा मोठा आहे.

जबाबाची रीत कोणा एका देशाची नाही, हे बेने इस्रायलींइतकं कोणाला कळणार? मुंबईत बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या, ज्यूंनी त्यांच्या ज्यू असण्यावर शंका घेतली, दफनभूमीत मध्ये भिंत मागितली. इस्रायलला गेल्यावर तिथल्या धर्मपीठानं लग्नाआधी त्यांच्या वंशावळी तपासायला सांगितल्या. कोकणातून गेलेल्या या माणसांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये सरकारकडून आपलं म्हणणं मान्य करून घेतलं. मला या आंदोलनाचा अभिमान वाटतो. मराठी माणसांनी परमुलखात जाऊन स्वाभिमानानं लढलेल्या लढ्यांमध्ये याची गणना व्हायला हवी, आपल्या मुलांना हे शिकवायला हवं. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, ते उत्तम झालं. पण दर्जा कागदावर मिळतो. शाळेच्या पुस्तकात दिवेकर-पेणकर येत नाहीत आणि हिटलर शिस्तीचा पुतळा म्हणून गप्पांत येत राहतो, तोवर त्या कागदाला फार वजन नाही.

त्या बाईंच्या घरी मी जाऊन आले. चौकोन परत द्यावा असा आग्रह मी केला नाही. आग्रह गटाला करायचा आहे, त्यांना नाही. आमच्या गटाच्या मंडळाला मी पत्र लिहिलं आहे. त्यात मागणं एवढंच : प्रदर्शनात कोणाच्याही कामाखाली, ती ज्यू असो, पॅलेस्टिनी, पाकिस्तानी की मराठी, राजकीय भूमिकेची अट घालू नये. ज्या पत्रानं ही अट घातली ते मागे घेतल्याचं मंडळानं बाईंना लेखी कळवावं. आणि तत्रीझचा चौकोन व यिडिश पाटीचा चौकोन, दोन्ही करणाऱ्यांची हरकत नसेल तर, एकाच भिंतीवर लागावेत. तत्रीझ शिकवणाऱ्या बाईंना मी आधी विचारलं, त्यांनी होकार दिला आहे. मंडळाची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. तिथे हे म्हणणं मी उभं राहून मांडणार आहे, आणि अट कायम राहिली तर माझी गोधडीही त्या भिंतीवर लागणार नाही.